सळईविना घुमट

रोममधल्या पँथिऑन या प्राचीन मंदिराच्या दर्शनी बाजूला, खांबांच्या वर, ठसठशीत अक्षरांत कोरलंय : लुसियसचा मुलगा मार्कुस अग्रिप्पा, तिसऱ्यांदा कॉन्सल असताना, याने हे बांधलं. कॉन्सल म्हणजे दरवर्षी नेमला जाणारा रोमचा सर्वोच्च अधिकारी. अग्रिप्पाचं तिसरं कॉन्सलपद इ.स.पू. २७ सालचं. सम्राट ऑगस्टसचा हा उजवा हात, पुढे जावईसुद्धा. पण आज पर्यटक माना वर करून जी इमारत बघतात, तिच्या एकाही विटेशी अग्रिप्पाचा संबंध नाही. त्याने बांधलेली वास्तू इ.स. ८० च्या आगीत गेली. सम्राट डोमिशियनने ती पुन्हा उभारली, तर ११० साली वीज पडून तीही जळाली. आत्ताची इमारत सम्राट हेड्रियनच्या कारकिर्दीत, साधारण इ.स. १२५ च्या सुमारास पुरी झाली. हेड्रियनने पुष्कळ जुन्या वास्तू नव्याने बांधल्या आणि त्यांच्यावर मूळ बांधणाऱ्याचंच नाव ठेवलं, असं प्राचीन चरित्रकार सांगतात. त्यामुळे पुढची अनेक शतकं विद्वानांनी पाटी वाचली आणि विश्वास ठेवला.

खरा प्रकार उघडकीला आला तो विटांमुळे. रोमच्या आसपासच्या वीटभट्ट्यांमध्ये ओल्या विटेवर शिक्का मारायची पद्धत होती. कुणाची जमीन, कुणाची भट्टी आणि कधीकधी त्या वर्षीचे कॉन्सल कोण, एवढा मजकूर त्यात असे. १८९२ मध्ये जॉर्ज शेदान या फ्रेंच वास्तुविशारदाने पँथिऑनच्या भिंतींतल्या आणि घुमटातल्या विटा तपासल्या. शिक्के सगळे दुसऱ्या शतकातले निघाले. अलीकडे हेच शिक्के नव्याने वाचल्यावर काम हेड्रियनच्याही आधी, आधीचा सम्राट ट्राजनच्या शेवटच्या वर्षांत सुरू झालं असावं असं मत पुढे आलंय. म्हणजे एका सम्राटाने सुरुवात केली, दुसऱ्याने पुरं केलं आणि नाव लागलं तिसऱ्याच माणसाचं. सरकारी कामांची ही रीत बरीच जुनी दिसते.

आता आत जाऊ. घुमटाचा आतला व्यास ४३.३ मीटर आणि फरशीपासून शिखरापर्यंतची उंचीही तेवढीच. एक अख्खा गोल आत बसवला तर तो वर घुमटाला चिकटेल आणि खाली फरशीला टेकेल. शिखरावर आठ-नऊ मीटर रुंदीचं गोल भोक आहे. त्याला काच नाही, झाकण नाही, आणि दारं सोडली तर आत उजेड येतो तो जवळपास सगळा तिथूनच. पाऊसही तिथूनच येतो. म्हणून फरशी मधोमध किंचित फुगीर ठेवलीय आणि पाणी जायला तिला छोटी भोकं पाडलीत. भिंत सुमारे सहा मीटर जाडीची. घुमटाचं वजन साडेचार हजार टनांच्या आसपास धरतात. आणि हे सगळं काँक्रीट आहे, आत एकही सळई नसलेलं. आपल्याकडे कुठल्याही महापालिकेत असा नकाशा मंजुरीला नेला, तर अभियंता आधी स्टीलचा तक्ता मागेल आणि तो नाही म्हटल्यावर फाईल परत करेल. त्याचं चुकणारही नाही. सळई न घालता याहून मोठा काँक्रीटचा घुमट गेल्या एकोणीसशे वर्षांत कुणी बांधलेला नाही.

अडचण कुठे आहे ते आधी बघू. काँक्रीट दाबाला भक्कम, ताणाला कच्चं. दाबलं तर प्रचंड वजन झेलतं, ओढलं की तडकतं. म्हणून तर आपण स्लॅबच्या खालच्या अंगाला सळया घालतो; तिथे ताण असतो आणि तो पोलादाने घ्यायचा असतो. घुमटात सगळीकडे दाबच असेल असं वरवर बघून वाटतं, पण तसं नसतं. मोसंबीची अर्धी साल टेबलावर पालथी घालून वरून तळव्याने दाबून बघा. माथा खाली जातो, कडा बाहेर सरकतात आणि साल कडेपासून वरच्या दिशेने उभी चिरते. घुमटाचंही नेमकं हेच होतं. वरच्या भागातली आडवी कडी आत आवळली जातात, तिथे दाब असतो. खालच्या भागातली कडी मात्र बाहेर पसरायला बघतात, तिथे ताण येतो. एकसारख्या जाडीच्या अर्धगोलात दाब संपून ताण सुरू होतो तो शिखरापासून सुमारे ५२ अंशांवर. हे गणित एकोणिसाव्या शतकात नीट मांडलं गेलं. हेड्रियनच्या गवंड्यांना त्याची गंधवार्ता नव्हती.

मग पँथिऑन चिरला नाही का? चिरलाय ना. १९३० च्या सुमारास अल्बेर्तो तेरेन्झियो या अधिकाऱ्याने दुरुस्तीच्या वेळी पाहणी केली, तेव्हा घुमटाच्या पायथ्यापासून वर चढत गेलेल्या उभ्या भेगा त्याने नोंदवल्या. त्या बहुधा इमारत नवी असतानाच पडल्या असाव्यात. १९८६ मध्ये रॉबर्ट मार्क आणि पॉल हचिन्सन या अमेरिकी संशोधकांनी संगणकावर घुमटाचं प्रतिमान उभं केलं, तेव्हा ज्या भागात ताण यायला हवा तिथेच या भेगा आहेत हे दिसलं. त्यांचं म्हणणं असं की भेगा पडल्यावर हा घुमट, घुमट म्हणून काम करतच नाही. तो गोलाकार उभ्या केलेल्या कमानींचा समूह होतो. मोसंबीच्या चिरलेल्या पाकळ्या एकमेकींना माथ्याशी टेकून उभ्या राहाव्यात तशा या कमानी वरच्या भोकाभोवतीच्या कड्याला टेकून उभ्या आहेत, आणि पायथ्याशी त्यांना बाहेर सरकू देत नाही ती सहा मीटर जाडीची भिंत.

वरचं भोक हा मला या सगळ्या रचनेतला सर्वांत धीट भाग वाटतो. जिथे माणूस सहज चावीचा दगड, म्हणजे कमान बंद करणारा माथ्यावरचा दगड, ठोकून मोकळा होईल, तिथे यांनी काहीच ठेवलं नाही. भोवतीचं कडं उभ्या लावलेल्या विटांचं आहे. चारी बाजूंनी येणारा दाब ते आपल्याच अंगावर गोल फिरवतं. दाब जितका जास्त तितकं ते घट्ट. आणि जिथे वजनाचा सर्वांत जास्त त्रास झाला असता तिथे वजनच नाही.

वजनाचा हा हिशोब पायापासून शिखरापर्यंत चाललेला दिसतो. रोमन काँक्रीटमध्ये आपल्यासारखी एकसारखी खडी नसे. मुठीएवढे, कधी त्याहून मोठे दगडविटांचे तुकडे हाताने थरावर थर रचायचे आणि मधे चुन्याचा घट्ट माल ठासायचा अशी रीत होती. पँथिऑनमध्ये हे तुकडे उंचीनुसार बदलत जातात. पायाजवळ ट्रॅव्हर्टाइन हा जड चुनखडक. भिंतीत वर जाताना टफ, म्हणजे ज्वालामुखीच्या राखेचा बनलेला मऊ खडक, आणि विटांचे तुकडे. घुमटाच्या खालच्या भागात विटा, आणि शिखराकडे हलका टफ व ज्वालामुखीचा सच्छिद्र, फुगलेला दगड. आपल्या नेहमीच्या काँक्रीटचं वजन घनमीटरला २४०० किलोच्या आसपास असतं. इथल्या माथ्यावरच्या काँक्रीटचं १३५० किलोच्या आसपास असल्याचा अंदाज आहे. जाडीसुद्धा पायथ्याशी सहा मीटरच्या घरात, तर भोकाजवळ सव्वा ते दीड मीटर. मार्क-हचिन्सन यांच्या हिशोबाने सगळीकडे नेहमीच्या वजनाचं काँक्रीट ओतलं असतं तर कमानींतले ताण ८० टक्क्यांच्या आसपास वाढले असते. आतल्या बाजूला दिसणाऱ्या चौकोनी खोबण्या, २८ चा एक फेर असे पाच फेर, वजन कमी करण्यासाठी असल्याचं सगळे गाइड सांगतात. त्यांनी वजन फारसं घटत नाही. त्या डोळ्यांसाठी आहेत.

बाहेरून बघितलं तर घुमट अर्धगोल दिसतच नाही, बशीसारखा चपटा दिसतो. कारण खालच्या भागावर पायऱ्यापायऱ्यांची काँक्रीटची कडी चढवलीत. कमानीच्या खांद्यांवर वजन ठेवलं की ती बाहेर फुटायला कमी धजते, म्हणून ती. हे ज्ञान पुस्तकातून आलेलं नव्हतं. नेपल्सच्या उपसागराच्या काठी बायाए नावाचं श्रीमंतांचं आरोग्यधाम होतं, तिथे २१ मीटरहून मोठा, माथ्याला भोक असलेला काँक्रीटचा घुमट पँथिऑनच्या शंभराहून अधिक वर्षं आधी बांधला गेला होता. तो अजून उभा आहे. जमीन खचल्यामुळे आतला बराच भाग गाळापाण्यात गेलाय, एवढंच. इ.स. ६४ च्या मोठ्या आगीनंतर नीरोने बांधलेल्या सुवर्णप्रासादातही भोकाचा एक अष्टकोनी घुमट आहे. म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या गवंडी थोडं थोडं धाडस वाढवत गेले. मधे किती कोसळले याची वही कुणी ठेवली नाही.

पँथिऑनचा वास्तुविशारद कोण, हे नक्की माहीत नाही. नाव घेतलं जातं ते दमास्कसच्या अपोलोडोरसचं. हा ट्राजनचा माणूस. डॅन्यूब नदीवरचा पूल आणि रोममधला ट्राजनचा चौक त्याचा. त्याची एक गोष्ट कॅसियस डायो या इतिहासकाराने लिहून ठेवलीय. ट्राजनशी कुठल्याशा बांधकामाबद्दल त्याचं बोलणं चाललेलं असताना तरुण हेड्रियनने मधेच तोंड घातलं. अपोलोडोरस फटकन म्हणाला, ‘जा, तू तुझे भोपळे काढत बस. यातलं तुला काही कळत नाही.’ भोपळे म्हणजे पाकळ्यापाकळ्यांचे फुगीर घुमट. त्यांची चित्रं काढायचा हेड्रियनला नाद होता आणि पुढे तिवोलीच्या आपल्या राजवाड्यात त्याने तसे घुमट बांधलेही. डायो म्हणतो की सम्राट झाल्यावर हेड्रियनने याचा वचपा काढला आणि अपोलोडोरसला आधी हद्दपार करून मग मारलं. हा शेवट बरेच इतिहासकार खरा धरत नाहीत. भोपळ्यांचं मात्र खरं असावं.

आता मालाकडे वळू. चुन्याचं मूलभूत रसायन आपल्या गवंड्यांना हजारो वर्षं माहीत आहे. चुनखडी भट्टीत ९०० अंशांच्या आसपास भाजली की तिच्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. त्यावर पाणी घातलं की तो चरचरतो, तापतो, फुलतो आणि विरतो. हा विरलेला चुना वाळूत कालवून भिंतीत घातला की हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून हळूहळू पुन्हा दगड होतो. यात मेख अशी की हवा पोचली तरच तो घट्ट होणार. सहा मीटर जाडीच्या भिंतीच्या पोटात हवा कुठून पोचणार? आणि पाण्याखाली तर प्रश्नच मिटला.

रोमनांना यावर तोड सापडली ती ज्वालामुखीच्या राखेत. नेपल्सजवळच्या पोत्सुओली गावाच्या परिसरातली राख चुन्यात मिसळली की तो हवेविना, अगदी समुद्राच्या पाण्याखालीसुद्धा घट्ट होतो. राखेतली सिलिका आणि ॲल्युमिना चुन्याशी पाण्यात अभिक्रिया करतात आणि न विरघळणारा चिवट गोंद तयार होतो. आजच्या सिमेंटमध्ये जो गोंद तयार होतो, त्याचाच हा भाऊबंद. ऑगस्टसच्या काळात विट्रुव्हियस या रोमन वास्तुविशारदाने आपल्या ग्रंथात या राखेचे नवल सांगत समुद्रातल्या कामाचं प्रमाणही दिलंय : दोन भाग राख, एक भाग चुना. रोमनांचा या राखेवर इतका भरवसा होता की इ.स.पू. पहिल्या शतकाच्या अखेरीस हेरॉड राजाने पॅलेस्टाइनच्या किनाऱ्यावर कैसारिया बंदर बांधलं, तेव्हा नेपल्सकडची राख जहाजांतून भूमध्यसमुद्रापार नेली गेली. बंदरातल्या नमुन्यांच्या आजच्या विश्लेषणातून ती राख नेपल्सकडचीच असल्याचं पक्कं झालंय.

जिथे ज्वालामुखी नाही तिथे काय करायचं, याचंही उत्तर रोमनांकडे होतं : भाजलेल्या विटा-कौलांची पूड. भाजलेल्या मातीतली सिलिका-ॲल्युमिनाही तेच काम करते. हे वाचून आपल्याकडच्या जुन्या गवंड्याला काही नवल वाटलं नसतं, कारण ही आपली सुरखी. आपल्या अनेक किल्ल्यांवर चुना मळायच्या घाणीचा गोल चर आणि तिचं दगडी चाक अजून दिसतं. सिमेंट सर्रास मिळायच्या आधी धरणांच्या दगडकामातही चुना-सुरखीच असे. म्हैसूरजवळचं कृष्णराज सागर धरण त्याचं ठळक उदाहरण. सुरखी आपल्याकडे रोममधून आली असं समजायचं मात्र कारण नाही. भाजलेली माती आणि चुना दोन्ही हाताशी असले की हा शोध कुठेही लागू शकतो.

गेल्या काही वर्षांत ‘रोमन काँक्रीटचं हरवलेलं रहस्य’ अशा मथळ्यांना ऊत आलाय. त्यामागचं खरं संशोधन रंजक आहे, मथळे थोडे सवंग आहेत. २०१७ मध्ये मेरी जॅक्सन आणि सहकाऱ्यांनी रोमन बंदरांच्या धक्क्यांतून छिद्र पाडून काढलेले नमुने तपासले. समुद्राचं पाणी झिरपून राखेचे घटक विरघळतात आणि त्यातून ॲल्युमिनियमयुक्त टोबरमोराइट आणि फिलिप्साइट या खनिजांचे स्फटिक पोकळ्यांमध्ये वाढतात, असं त्यांना आढळलं. जे पाणी आपल्या काँक्रीटचा घात करतं, ते यांचं काँक्रीट आतून विणत राहतं. २०२३ मध्ये एमआयटीतल्या आदमिर मासिच यांच्या गटाने दुसरी गोष्ट पुढे आणली. रोमन काँक्रीटमध्ये चुन्याचे पांढरे बारीक खडे जागोजागी दिसतात. आधी सगळे तो गवंड्याचा आळस समजत. माल नीट कालवला नाही, म्हणून गुठळ्या राहिल्या. मासिच यांच्या मते हे खडे कळीचा चुना न विरवता, थेट राखेत कोरडाच मिसळून मग पाणी घातल्यामुळे राहतात. मिश्रण सडकून तापतं आणि ठिसूळ खडे तसेच उरतात. पुढे भेग पडली की ती या खड्यांतून जाते, पाणी शिरतं, चुना विरघळून भेगेत उतरतो आणि तिथे पुन्हा चुनखडी होऊन बसतो. त्यांनी अशा पद्धतीने ठोकळे बनवून मुद्दाम तडकावले आणि त्यांतून पाणी सोडलं. दोन आठवड्यांत भेगा बुजल्या आणि पाणी थांबलं. पॉम्पेईत इ.स. ७९ च्या उद्रेकाने अर्ध्यावर सोडायला लागलेलं एक बांधकाम उत्खननात सापडलं. तिथले कोरड्या मिश्रणाचे ढीगही याच रीतीकडे बोट दाखवतात. गंमत म्हणजे विट्रुव्हियस चुना आधी विरवायला सांगतो. पुस्तक लिहिणारा एक सांगतोय आणि साइटवरचा मिस्त्री दुसरंच करतोय, यात न पटण्यासारखं काय आहे?

तरीही ‘रोमनांची कामं दोन हजार वर्षं टिकली आणि आपली तीस वर्षांत गळतात’ हे वाक्य कुणी ऐकवलं की मला दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. पहिली, आपण बघतो ती टिकलेली कामं. पडलेली बघायला मिळत नाहीत. रोममध्येच गरिबांच्या भाड्याच्या बहुमजली चाळी हलक्या मालाच्या असत आणि त्या कोसळतात, जळतात अशी रड तेव्हाचे कवी करत. दुसरी, आपलं काँक्रीट बहुतेक वेळा मरतं ते सळई गंजल्यामुळे. मुंबईत किंवा कोकणात खाऱ्या हवेत राहणाऱ्यांना हे सांगायला नको. बाल्कनीच्या तळाचं प्लॅस्टर फुगून पडतं आणि आत तांबडी सळई दिसते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो आणि काँक्रीटला आतून फोडतो. पँथिऑनमध्ये सळई नाही, म्हणून हा रोगही नाही. पण त्याची किंमत म्हणून सहा मीटरच्या भिंती लागल्या. आपल्या वीस मजली इमारतीला, पुलाला, उड्डाणमार्गाला सळई लागणारच. तिथे रोमन माल घालायचा म्हटलं तर खालचे मजले नुसत्या भिंतींतच संपतील, आणि तो माल घट्ट व्हायला जितका वेळ घेतो तेवढा वेळ आज कुठला ठेकेदार थांबणार?

या पद्धतीचं एक अंग मात्र मथळ्यांत कधी येत नाही, आणि मला ते रसायनाइतकंच महत्त्वाचं वाटतं. दगडाच्या घडीव कामाला कुशल पाथरवट लागतात. काँक्रीटला बाहेरून विटांची नेटकी भिंत रचणारे थोडे कारागीर पुरतात. मधलं पोट भरायला नुसते हात लागतात, आणि साम्राज्याकडे गुलामांचे व मजुरांचे हात हवे तेवढे होते. भट्ट्या, खाणी, बंदरं, गोदामं सगळी एका यंत्रणेत बांधलेली. दर्शनी मंडपातले १६ खांब बघा : अखंड ग्रॅनाइटचे, बारा मीटरच्या आसपास उंच, एकेक साठ टनांच्या घरात. त्यातले करडे खांब इजिप्तच्या पूर्व वाळवंटातल्या मॉन्स क्लॉडियानस खाणीतले. तिथून वाळवंट तुडवत नाईलपर्यंत, नदीने समुद्रापर्यंत, समुद्राने इटलीला आणि मग टायबर नदीतून रोमला. मंडपाच्या मागच्या ठोकळ्यावर आणखी उंच त्रिकोणी छपराची खूण आहे. त्यावरून काही अभ्यासक म्हणतात की मूळ बेत पन्नास रोमन फुटी खांबांचा होता. ते मिळाले नाहीत, म्हणून चाळीस फुटींवर भागवलं. मंडप आणि घुमट यांचा सांधा जरा अवघडलेला दिसतो, त्याचं हे स्पष्टीकरण मला पटतं. सम्राटाच्या कामातही माल वेळेवर पोचत नसे.

साम्राज्य गेल्यावर रोममधल्या बहुतेक वास्तू दगड-धातूच्या खाणी झाल्या. पँथिऑन वाचला, कारण सातव्या शतकाच्या सुरुवातीला सम्राट फोकासने तो पोप चौथा बोनिफेस याला दिला आणि त्याचं चर्च झालं. वापरात असलेली इमारत कुणीतरी दुरुस्त करत राहतो. तरी छतावरचे सोनेरी मुलाम्याचे काशाचे पत्रे ६६३ साली सम्राट दुसऱ्या कॉन्स्टान्सने काढून नेले आणि मंडपाच्या छतातलं कासं सतराव्या शतकात बार्बेरिनी घराण्यातला पोप आठवा अर्बन याने वितळवायला नेलं. ‘जे रानटी टोळ्यांनी केलं नाही ते बार्बेरिनींनी केलं’ असं रोमची जनता त्यावर बोलली.

पुढच्या काळात जगाने पँथिऑनची नक्कल केली ती आकाराची. माल कुणी घेतला नाही, कारण तो करायची सवयच मोडली होती. फ्लॉरेन्सच्या कॅथीड्रलवर ब्रुनेलेस्कीने १४२० ते १४३६ मध्ये साधारण तेवढ्याच मापाचा घुमट चढवला, पण विटांचा, दोन कवचांचा, आठ कोनी, आणि ताण घ्यायला आत दगडाच्या व लाकडाच्या साखळ्या घालून. रोममधल्या सेंट पीटर्स चर्चचा घुमट मायकेलअँजेलोच्या आराखड्यावरून १५९० मध्ये पुरा झाला. व्यास पँथिऑनपेक्षा जेमतेम मीटर-दीड मीटरने कमी, पण त्याहून कितीतरी उंच जागी, पातळ आणि उभार. खालून आधाराला सहा मीटरची भिंत नाही. तो फाटायला लागला. १७४० च्या दशकात पोपने आधी तीन गणितज्ञांकडून आणि मग पादुआच्या जोव्हानी पोलेनीकडून अहवाल मागवले. पोलेनीने घुमटाच्या भागांच्या प्रमाणात वजनं अडकवलेली साखळी टांगली. टांगलेली साखळी फक्त ताणात असते, तीच आकृती उलटी केली की फक्त दाबात असलेली कमान मिळते. ती उलटी रेषा घुमटाच्या जाडीच्या आत बसते असं त्याने दाखवलं. म्हणजे घुमट पडणार नाही. खबरदारी म्हणून बाहेरून नवी लोखंडी कडी आवळण्यात आली. पँथिऑनमध्ये जे काम भिंत आणि वजन करतात, तेच इथे लोखंड करतंय.

सेंट पीटर्सची ही धाटणी लवकरच आपल्या दाराशीही आली. जुन्या गोव्यातलं सेंट कॅजेटनचं चर्च इटलीहून आलेल्या थिएटाइन पंथाच्या साधूंनी सतराव्या शतकात बांधलं, ते सेंट पीटर्स समोर ठेवून. कॉरिंथियन धाटणीचे खांब, वर अर्धगोल घुमट, आणि हे सगळं आपल्या जांभ्या दगडात, चुन्याच्या गिलाव्याखाली. त्याच सुमारास विजापूरला गोल घुमटही पुरा झाला होता. ३८ मीटरच्या आसपासचा त्याचा व्यास आणि एकमेकींना छेदणाऱ्या कमानींवर पेललेला भार ही निराळीच परंपरा, रोमचा तिच्याशी काही संबंध नाही.

अटलांटिकपलीकडे थॉमस जेफरसनने व्हर्जिनिया विद्यापीठाच्या मधोमध १८२० च्या दशकात पँथिऑनची निम्म्या मापाची प्रतिकृती उभारली आणि देवाच्या जागी ग्रंथालय ठेवलं. त्याने पँथिऑन प्रत्यक्ष पाहिला नव्हता. पल्लादिओ या सोळाव्या शतकातल्या इटालियन वास्तुविशारदाच्या पुस्तकातल्या आराखड्यांवर त्याची भिस्त होती. त्याचा घुमट लाकडी फासळ्यांचा होता आणि १८९५ च्या आगीत गेला. वॉशिंग्टनच्या कॅपिटॉलवरचा पांढराशुभ्र घुमट संगमरवरी वाटतो. तो रंगवलेल्या ओतीव लोखंडाचा आहे. न्यूयॉर्कच्या पेन स्टेशनचा भव्य प्रतीक्षालय रोममधल्या काराकालाच्या स्नानगृहावरून बेतला होता, तो १९६३ पासून पाडून टाकला.

काँक्रीट परतलं ते दीपस्तंभाच्या निमित्ताने. इंग्लंडच्या नैर्ऋत्येला समुद्रातल्या एडिस्टोन खडकावर १७५६ ते ५९ मध्ये जॉन स्मीटनने दीपस्तंभ बांधला, तेव्हा त्याने मातीचा अंश असलेला चुना आणि इटलीहून मागवलेली ज्वालामुखीची राख वापरली. चुनखडीत मातीचा अंश असेल तर चुना पाण्याखाली घट्ट होतो हे त्याने प्रयोग करून दाखवलं, आणि त्याच वाटेने १८२४ मध्ये जोसेफ आस्पदिनचं पोर्टलंड सिमेंटचं पेटंट आलं. सळई आल्यावर मापंच बदलली : १९१३ मध्ये ब्रेस्लाऊ शहरात, आजच्या पोलंडमधल्या व्रोत्सवाफमध्ये, ६५ मीटर व्यासाचा काँक्रीटचा घुमट उभा राहिला.

आणि पोत्सुओलीची युक्ती आज आपल्या प्रत्येक साइटवर आहे. ‘पीपीसी’ (पोर्टलंड पोझोलाना सिमेंट) छापलेल्या सिमेंटच्या गोणीत क्लिंकरबरोबर, म्हणजे चुनखडी आणि माती भाजून केलेल्या गुठळ्यांबरोबर, राख दळलेली असते. ज्वालामुखीची नव्हे, चंद्रपूर-कोराडीसारख्या औष्णिक वीजकेंद्रांत कोळसा जळून उरलेली. रसायन मात्र तेच. क्लिंकर करायला १४५० अंशांपर्यंत तापवावं लागतं आणि चुनखडीतूनही कार्बन डायऑक्साइड सुटतो, त्यामुळे जगाच्या एकूण उत्सर्जनातला सात-आठ टक्के वाटा एकट्या सिमेंटचा धरतात. म्हणून क्लिंकर कमी कसं वापरता येईल यावर आता जोर आहे. स्वित्झर्लंड, क्यूबा आणि आपल्या आयआयटींमधल्या संशोधकांनी मिळून एलसी३ नावाचं सिमेंट विकसित केलंय. त्यात जवळजवळ निम्मं क्लिंकर काढून त्याजागी चुनखडीची पूड आणि ७००-८०० अंशांवर भाजलेली चिकणमाती घालतात. भाजलेली माती आणि चुन्याचा दगड. घाणीवर उभ्या असलेल्या जुन्या मिस्त्रीला हे समजावून सांगायला फार वेळ लागला नसता.